तीन फोटोंचा एक फोटो : ठाणे, ऐरोली, नेरूळ, बेलापूर

शुक्रवार संध्याकाळ, ठाणे

चुलतभावानं नवीन फुलफ्रेम कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना सोनी ए-६००० माझ्याकडे टाकला, वापरून बघ, पटला तर ठेव, पैशांचं नंतर बघू म्हणाला. मॉडेल २०१४चं आहे पण सेन्सर एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान), २४ मेगापिक्सेल, सेकंदाला ११ फोटो, सोबत १६-५०ची छोटी लेन्स आणि ५५-२१०ची लांबची, म्हणजे माझ्यासारख्याला भरपूर झालं. त्यात शनिवारी घरी हळदीकुंकू. रथसप्तमी रविवारी असल्यामुळे बायकोला त्याच्या आत उरकायचं होतं आणि अशा दिवशी घरातल्या पुरुषाकडून एकच अपेक्षा असते ती म्हणजे त्यानं दिसू नये. सोमवारी २६ जानेवारीची सुट्टी, ताई नेरूळला, भाच्याचीही सुट्टी. मग ठरवलं की कॅमेऱ्यात जी जी "आपोआप" वाली बटणं आहेत ती या सुट्टीत ठाणे-नवी मुंबईतच फिरून वापरून बघायची, लांब कुठे जायचं नाही. खास करून एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक फोटो करणारं, कारण ते प्रकरण नक्की कशासाठी असतं हे मला कधी नीट कळलेलं नव्हतं.

निघायच्या आधी घरीच एक गोष्ट लक्षात आली ती आधी सांगतो, कुणाकडे हाच कॅमेरा असेल तर वेळ वाचेल. फोटोची क्वालिटी रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) किंवा रॉ अधिक जेपेग अशी ठेवली असेल तर मेनूत ऑटो एचडीआर करडं दिसतं, निवडताच येत नाही. निव्वळ जेपेग केलं की लगेच चालू. मल्टी फ्रेम नॉइज रिडक्शन, क्लिअर इमेज झूम, ते रंगबिरंगी पिक्चर इफेक्ट, सगळ्यांची हीच तऱ्हा. कारण सरळ आहे, हे सगळे फोटो कॅमेरा आतल्या आत शिजवून तयारच देतो, सेन्सरवरून आलेला कच्चा माल त्यात तुमच्या हाती ठेवत नाही. म्हणून सुट्टीभर जेपेग. रॉवाले मित्र नाक मुरडतील, मुरडू देत.

संध्याकाळी तलावपाळी. शुक्रवारची गर्दी, बोटी, भेळवाले, फुगेवाले, कठड्यावर बसलेली कॉलेजची पोरं, आणि मासुंदा तलावाच्या पाण्यात पडलेले दिवे. इथे एचडीआरच्या आधी हँडहेल्ड ट्वायलाइट लावून बघितलं. यात एकदा बटण दाबलं की शटर धडाधड अनेक वेळा वाजतं आणि ते सगळे फ्रेम एकावर एक बसवून एक फोटो मिळतो. अंधारात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला की जी रवाळ खरखर येते ती प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या ठिकाणी असते, खरा देखावा मात्र तोच असतो, त्यामुळे सरासरी काढली की खरखर कमी होते. चार फ्रेमची सरासरी काढली तर साधारण निम्म्यावर येते. ट्रायपॉडशिवाय हातात धरून पलीकडच्या काठाचा फोटो खरंच स्वच्छ आला. पाणी मात्र गुळगुळीत झालं, लाटांवर दिव्याचे जे तुकडे तुकडे नाचतात ते पुसले गेले आणि तलावपाळीच्या पाण्याची मजाच ती असते ना.

मग गडकरी रंगायतनच्या बाहेर. नाटकांचे उजेडातले बोर्ड आणि समोर अंधारात उभी माणसं, म्हणजे एचडीआरसाठी आदर्श केस असं वाटतं. ऑटो एचडीआरमध्ये कॅमेरा तीन फोटो घेतो, एक बरोबर उजेडाचा, एक कमी, एक जास्त, आणि तिन्हीतलं कामाचं कामाचं उचलून जोडतो. किती फरकाचे घ्यायचे ते आपण एकपासून सहा ईव्हीपर्यंत ठरवू शकतो, एक ईव्ही म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. साध्या फोटोत बोर्ड पांढराफेक जळालेला होता, एचडीआरमध्ये नाटकाचं नाव, वेळ, कलाकार सगळं वाचता येत होतं. पण रात्री एक गंमत होते, साधा फोटोच १/१५ सेकंदाचा असेल तर दोन ईव्ही जास्त उजेडाचा फ्रेम १/४ सेकंदाचा होतो, आणि तेवढा वेळ हात स्थिर कोणाचा राहतो? अंधारातला भाग त्याच हललेल्या फ्रेममधून येतो. त्यामुळे बोर्ड खणखणीत आणि खालची माणसं पसरलेली.

शनिवार, जांभळी नाका ते ऐरोली

सकाळी लवकर घर सोडलं (सोडायला लावलं). मामलेदारची मिसळ खाल्ली, मीडियमच, तिखटवाली मागणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार. मग जांभळी नाक्याचा बाजार. इथे ऊन आणि सावली यांचं भांडण बघण्यासारखं असतं, रस्त्यावर कडक ऊन, दुकानांवर निळी-पिवळी ताडपत्री आणि ताडपत्रीखाली भाजीवाल्या बायका पार काळोखात. डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एकच दिसतं. एचडीआर लावलं, तीन ईव्ही. वांगी, मटार, तराजू, मागच्या पोत्यांवरची अक्षरं, सगळं आलं, रस्ताही जळला नाही. पण भाजीवालीचा हात मटार भरत होता तो तीन ठिकाणी आला. एक ठळक, दोन भुतं. समोरून जाणाऱ्या माणसाला एकच डोकं आणि चार पाय.

तिथेच डीआरओ लावून बघितलं. मेनूत हे दोन्ही शेजारी शेजारी असतात त्यामुळे लोक एकच समजतात, पण काम निराळं आहे. डीआरओ एकच फोटो घेतो आणि त्यातल्या काळोख्या भागांना प्रोसेसिंगमध्ये वर उचलतो. फोटो एकच त्यामुळे भूत नाही. जो उजेड पूर्ण जळला तो मात्र परत येत नाही आणि सावल्या उचलल्या की त्यातली खरखरही वर येते. पाच लेव्हल आहेत. मला तीन बरी वाटली, पाचला चेहरे राखेसारखे दिसायला लागले. बाजारात, लग्नात, जिथे माणसं हलतात तिथे मी डीआरओच वापरीन. एक मावशी म्हणाल्या, "पेपरात येणार का?" नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला इंटरेस्ट संपला आणि "मग सरक बाबा, गिऱ्हाइकाला जागा दे."

ठाण्याहून नऊ-दहा नंबरवरून ट्रान्सहार्बर पकडली. स्टेशनात आणि गाडीत कॅमेरा काढायच्या भानगडीत पडलो नाही, कोण कधी काय विचारेल सांगता येत नाही आणि सुट्टी त्यात घालवायची नव्हती. ऐरोलीला भाचा उभाच होता. तिथून रिक्षानं खाडीकडे, किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात. वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं हे केंद्र आहे आणि इथून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. बोटीची वेळ घड्याळावर नाही, भरतीवर. पाणी पुरेसं नसेल तर बोट चिखलात बसेल म्हणून रोजच्या वेळा बदलतात, आधी बुकिंग करून वेळ बघूनच जा. आम्हाला दुपारची फेरी मिळाली.

ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सोळाशे-सतराशे हेक्टरचा, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये. हे बोटीत बसल्यावर खरं वाटत नाही कारण एका बाजूला मुलुंडचे टॉवर, दुसऱ्या बाजूला ऐरोलीच्या कंपन्या, डोक्यावरून हायटेन्शन तारा, आणि मध्ये ही कांदळवनं आणि शांत बसलेले बगळे. थोडं पुढे गेल्यावर चिखलाच्या कडेला गुलाबी पट्टा दिसला. दोन जातींचे असतात, ग्रेटर म्हणजे उंच आणि फिके, लेसर म्हणजे बुटके पण जास्त गुलाबी आणि गडद लालसर चोचीचे. ठाण्याच्या खाडीत लेसरच जास्त. खाडीतल्या शेवाळातून जे रंगद्रव्य पोटात जातं त्यानंच हा रंग चढतो, जन्मतः पिल्लू करड्या रंगाचं असतं. मराठीत याला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात, बोटीत मात्र सगळे "फ्लेमिंगो, फ्लेमिंगो" असंच ओरडत होते, मीही.

भाचा म्हणाला, "मामा, एचडीआर लाव ना." लावलं. बोट हलतेय, पाणी हलतंय, पक्षी हलतायत, तीन फोटो जुळणार कसे? कॅमेरा बिचारा फ्रेम सरकवून जुळवायचा प्रयत्न करतो, म्हणजे आपला हात थोडा हलला तर चालतं, पण देखाव्यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या दिशेनं हलत असेल तर त्याच्या हातात काही नाही. पुढे उभ्या असलेल्या बोटवाल्या दादांना सहा हात आले. या कॅमेऱ्याची एक चांगली सोय अशी की एचडीआरच्या सोबत बरोबर उजेडाचा साधा फोटोही तो वेगळा सेव्ह करतो, त्यामुळे दोन हातांचे दादाही आमच्याकडे आहेत.

मग एचडीआरचं भूत उतरवून ५५-२१० लावली. २१०ला फुलफ्रेमच्या हिशोबात ३१५ मिलिमीटर पडतं, बोटीतून पक्ष्यासाठी ते कमीच. क्लिअर इमेज झूम चालू केलं, त्यात आणखी दुप्पट जवळ येतं. हा डिजिटल झूमचाच प्रकार आहे पण जरा हुशारीनं मोठं करतो. फोनवर बघायला, स्टेटसला ठेवायला चालेल. मोठा करून बघितलं तर पिसांच्या जागी पुट्टी मारल्यासारखं दिसतं, त्यापेक्षा साधा फोटो घेऊन घरी कापलेला बरा. खरा उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे झेब्रा. फोटोतला जो भाग जळायच्या बेतात आहे त्यावर स्क्रीनवरच तिरप्या रेघा येतात. दुपारच्या उन्हात फ्लेमिंगोच्या पाठी पांढऱ्या होत होत्या, रेघा दिसल्या की एक्स्पोजर थोडं मायनस करायचं, रेघा गेल्या की दाबायचं. दुसरं म्हणजे बर्स्ट, बटण दाबून धरलं की सेकंदाला ११ फ्रेम. कुठूनसा आवाज झाला आणि अख्खा थवा उठला, पंखाखालचा तो काळा-किरमिजी रंग एकदम उघडला आणि सगळी बोट "आआआ" करून उभी राहिली, बोटवाले दादा ओरडतायत बसा बसा, आणि मी बटण दाबून धरलेलं. त्यातले दोन-तीन फोटो खरोखर मस्त आहेत. एकही बुद्धिमान फीचर त्यात नव्हतं, नुसता वेगवान शटर.

संध्याकाळी ताईकडे. तिळगुळाचे उरलेले लाडू, वांग्याचं भरीत, भाकरी. भाचा जेवताना म्हणाला की हे सगळं फोनमध्ये न सांगता होतं मग कॅमेऱ्यात एवढं कशाला करायचं. प्रश्न चुकीचा नाही. फोनची पद्धत वेगळी आहे. गुगलच्या एचडीआर प्लसमध्ये कमी-जास्त उजेडाचे फ्रेम घेतच नव्हते, सगळे सारख्याच आणि मुद्दाम कमी उजेडाचे घ्यायचे, म्हणजे काही जळत नाही, प्रत्येक फ्रेम झटकन होतो म्हणून हलत नाही, आणि अनेक फ्रेम जोडल्यानं खरखर गेली की सावल्या हव्या तेवढ्या उचलता येतात. शिवाय फोनचा प्रोसेसर तगडा, जे हललं ते ओळखून बाजूला काढतो. आमच्या कॅमेऱ्याची पद्धत जुनी, बाळबोध. पण त्याचा सेन्सर फोनच्या मानानं कितीतरी मोठा आहे त्यामुळे मुळात एकाच फोटोत तो जास्त उजेड-अंधार पकडतो. भाच्याला हे पटलं की नाही माहीत नाही, त्यानं लाडू उचलला आणि मॅच लावली.

रविवार, नेरूळ आणि बेलापूर

पहाटे नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला. पाम बीच रोडच्या बाजूचा हा होल्डिंग पाँड, भोवती चालायचा ट्रॅक, अख्खं नेरूळ-सीवूड्स सकाळी तिथे चालत असतं. सूर्योदय आणि एचडीआर ही जोडी सगळे ट्युटोरियलवाले सांगतात म्हणून ठरवून गेलो होतो. पण जानेवारीतलं नवी मुंबईचं धुरकं. सूर्य उगवला तो शेंदरी टिकलीसारखा, आजूबाजूचं सगळं राखाडी. एक ईव्ही, तीन ईव्ही, सहा ईव्ही, सगळं करून बघितलं आणि जितकं वाढवलं तितका फोटो मेला. नंतर विचार केल्यावर कळतं की यात आश्चर्य काहीच नाही. एचडीआर कशासाठी, तर उजेड आणि अंधार यात जे जास्तीचं अंतर आहे ते दाबून एका फोटोत बसवायला. धुरक्यात ते अंतर मुळातच नसतं. नसलेलं अंतर दाबलं की जे थोडंफार होतं तेही जातं. त्या वेळी उलट करायला हवं, डीआरओ पण बंद करून कॉन्ट्रास्ट एक-दोन घर वाढवायचा. केलं, आणि मग त्या राखाडीवर झाडांच्या काळ्या आकृत्या छान उठून आल्या.

पॅनोरमा मात्र इथे जमला. स्वीप पॅनोरमात बटण दाबून कॅमेरा एका चालीनं फिरवायचा, तो कट कट कट करत पट्ट्या घेतो आणि जोडतो. आडवा फोटो ८१९२ बाय १८५६ पिक्सेल येतो. हळू फिरवलं तर रागावतो, भरभर फिरवलं तरी रागावतो. पाणी संथ, इमारती लांब, त्यामुळे जोड कुठे दिसला नाही. ट्रॅकवरून पळणारे एक काका पॅनोरमाच्या दिशेनंच पळत होते ते एकाच फोटोत तीनदा आलेत, लाल टीशर्ट, तिन्ही वेळा तितकेच दमलेले.

घरी आलो तर ताईची रथसप्तमीची तयारी. पाटावर रांगोळीचा सूर्य, सात घोडे (घोडे ओळखायला श्रद्धा लागते), आणि बाल्कनीत गोवरीच्या विस्तवावर छोट्या बोळक्यात दूध ठेवलेलं, ते उतू जाऊ द्यायचं. माहेरी अंगणात व्हायचं, इथे सातव्या मजल्यावर सहा फुटी बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये. मागून कोवळं ऊन, पुढे ताईचा चेहरा सावलीत. आता हा खरा एचडीआरचा सीन. पण धूर हलतोय, ताई हलतेय, दूध कुठल्याही क्षणी वर येणार. दूध उतू जाताना तीन फोटोंची वेळ देत नाही. डीआरओ तीन लावलं आणि बर्स्टवर ठेवलं. ताई म्हणाली, "तू फोटो काढ पण आधी हात जोड." एक हात जोडता येत नाही म्हणून कॅमेरा गळ्यात सोडला, तेवढ्यात दूध आलं. फोटो उतू गेल्यानंतरचा आहे, बोळक्याच्या कडेनं ओघळ, निखाऱ्यावर सुरसुर, ताईच्या चेहऱ्यावर उन्हाची कड. मला तर तोच आवडला.

नाश्ता करून बेलापूर, सेक्टर आठ, आर्टिस्ट व्हिलेज. या ठिकाणाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सुट्टीतला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि एचडीआर म्हणजे काय ते मला इथे कळलं. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी ही वसाहत केली, ऐंशीच्या दशकात. हे तेच कोरिया ज्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर करा ही कल्पना मांडली आणि १९७० साली सिडको झाल्यावर पहिली काही वर्षं तिथे मुख्य आर्किटेक्ट होते. इथली कल्पना अशी की सात घरं एका छोट्या चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटर, असे तीन गट मिळून एक मोठा चौक, असं वाढत वाढत जायचं. आणि शेजारच्या घराशी भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला जसं परवडेल तसं आपलं घर वाढवता येईल, शेजाऱ्याची परवानगी नको. लोकांनी ते मनावर घेतलं. कुठे तीन मजले, कुठे टाइल्स, कुठे काचा, कुठे चक्क ग्रीक खांब. पण अधूनमधून मूळचं उतरत्या कौलांचं घर अजून दिसतं, चौकात झाड, तुळस, स्कूटर, वाळत घातलेल्या पापड्या.

आम्ही पोचलो तेव्हा बाराच्या आसपासचं डोक्यावरचं ऊन. फोटोग्राफीत ही वेळ वाईट म्हणतात. चौकात कडक प्रकाश, व्हरांड्यात आणि गल्लीच्या तोंडाशी गडद सावली. एका घराच्या पुढच्या पडवीतून (आजोबांना विचारून, ते पेपर वाचत बसले होते, म्हणाले काढ की) चौकाकडे बघत फोटो घेतला. साधा फोटो, चौक नीट तर पडवी काळी, पडवी नीट तर चौक पांढरा. मग एचडीआर, चार ईव्ही. खट खट खट. स्क्रीनवर "प्रोसेसिंग" आणि मग जे आलं ते बघून भाचापण दोन सेकंद गप्प. पडवीतली लाल कोब्याची जमीन, लाकडी खांबाची पडलेली भेग, भिंतीवरचा इलेक्ट्रिक मीटर, आणि बाहेर उन्हातलं आंब्याचं झाड, समोरच्या घराची कौलं, मागे पारसिकच्या डोंगराची कड, सगळं एकदम. तिथे उभं राहून जसं दिसत होतं तसं. काही जादू नाही, फक्त तसं.

त्यानंतर आम्ही तेच करत सुटलो. व्हरांडे, जिन्याखालच्या जागा, दोन घरांमधल्या बोळी, खिडकीतून बाहेर. नाला जातो वसाहतीच्या मधून, त्याच्या पुलाखालून. सगळीकडे एचडीआर चाललं. आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडला की हे फीचर निसर्गासाठी नाहीच, हे छपरासाठी आहे. जिथे वर छप्पर आहे आणि पुढे ऊन आहे आणि मध्ये काही हलत नाही, तिथे ते लावायचं. आपल्याकडे अशा जागा काय कमी आहेत, देवळाचे मंडप, वाड्यांचे दरवाजे, चाळींच्या गॅलऱ्या. लोक मात्र ते लावतात सूर्यास्ताला आणि किल्ल्यांवर ढगांना, आणि मग ते ढग फुटायला आलेल्या गळवासारखे दिसतात.

झाडाची पानं हा एक त्रास. वारा थोडा जरी असला तरी पानांच्या कडा मळकट होतात, लांबून कळत नाही, झूम केलं की कळतं. उपाय म्हणजे वारा पडायची वाट बघणं, दुसरा नाही. आणि सहा ईव्हीच्या नादाला लागू नये. सहाला पडवी बाहेरपेक्षा उजळ दिसायला लागली, उन्हातून आत येताना जो गारवा डोळ्याला लागतो तोच गेला. तीन किंवा चार पुरे. भाच्यानं पिक्चर इफेक्टमधलं एचडीआर पेंटिंग पण लावून बघितलं. त्यात आजोबा कॅलेंडरवरच्या देवासारखे दिसत होते. आजोबांना ते सगळ्यात जास्त आवडलं आणि त्यांनी तोच फोटो व्हॉट्सअपवर मागितला, आता काय बोलणार.

ब्रॅकेटिंगही तिथेच करून बघितलं. यात कॅमेरा कमी-जास्त उजेडाचे फोटो वेगवेगळे देतो, जोडायचं काम आपण घरी कॉम्प्युटरवर करायचं, आणि हे रॉमध्येही चालतं. निकाल अर्थातच जास्त चांगला, हवा तसा. पण सेल्फ टायमर आणि ब्रॅकेटिंग एकाच ड्राइव्ह मेनूत असल्यानं दोन्ही एकदम लावता येत नाही, ट्रायपॉडवर बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून रिमोट लागतो. आणि खरं सांगायचं तर घरी जाऊन जोडणारा माणूस मी नाही. माझ्या हार्ड डिस्कवर "नंतर बघू" नावाचं फोल्डर आहे.

संध्याकाळी पाम बीच रोडच्या टोकाला महापालिकेचं मुख्यालय, तो मोठा घुमटवाला. प्रजासत्ताक दिनाची तिरंगी रोषणाई, समोर अर्धी नवी मुंबई मोबाईल वर करून उभी. ट्रायपॉड लावला. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली, आकाश गडद निळं पण काळं नाही, या वेळेला एचडीआर रात्रीही चालतं कारण आकाशात अजून थोडा उजेड असतो आणि ट्रायपॉडमुळे जास्त उजेडाचा फ्रेम हलत नाही. घुमटाचे रंग जळले नाहीत, खालच्या पायऱ्याही दिसल्या. पुढून जाणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा मात्र तुटक तुटक आल्या, तीन फ्रेममधली तीन तुकड्यांची रेघ. रेघ हवी असेल तर सरळ एक लांब एक्स्पोजर द्यावं. दिलं. मागून एका छोट्या मुलीनं तिच्या बाबांना विचारलं, "हे काका एवढा मोठा कॅमेरा घेऊन एकच फोटो इतका वेळ का काढतायत?" बाबांकडे उत्तर नव्हतं.

सोमवार, परत

सकाळी ताईच्या सोसायटीत झेंडावंदन. सेक्रेटरी काकांनी मला कॅमेऱ्यासकट बघितलं आणि अधिकृत फोटोग्राफर करून टाकलं. झेंड्यावर एचडीआर लावू नका. वाऱ्यावर फडकणारं कापड तीन फ्रेममध्ये तीन आकारात असतं आणि जोडल्यावर जे दिसतं ते कुणाला दाखवण्यासारखं नसतं. १/१००० सेकंद, एक फोटो, विषय संपला. राष्ट्रगीत झाल्यावर जिलेबी-फाफडा आणि सगळ्या कमिटीचा ग्रुप फोटो, लोक सावलीत उभे, मागे उन्हात पांढरी बिल्डिंग. हलू नका म्हटलं तर कोण ऐकतंय, म्हणून तिथेही डीआरओ. सेक्रेटरींनी डोळे मिटलेत. प्रत्येक फोटोत. अकरा फ्रेमच्या बर्स्टमध्येसुद्धा. हा प्रश्न कुठल्याही कॅमेऱ्याच्या हातचा नाही.

दुपारी ट्रान्सहार्बरनं ठाणे. बॅटरी या कॅमेऱ्याची साडेतीनशेच्या आसपास फोटोंची, आणि एचडीआरमध्ये एका क्लिकला तीनदा शटर पडतं म्हणून ती भर्रकन उतरते, ताईकडे रोज रात्री चार्जिंगला लावावी लागली. परत येताना लाल कांडी राहिली होती. स्टेशनबाहेर सॅटिस पुलाच्या खाली आलो. वर बसेस, खाली रिक्षांची रांग, पुलाखाली भर दुपारी संध्याकाळ आणि दोन खांबांच्या मधून पलीकडचं पांढरं ऊन. छप्पर आहे, ऊन आहे. हलणारं मात्र सगळंच. तरी खांबाला टेकून एक एचडीआर घेतला. पूल, खांब, त्यावरची पोस्टरं, पलीकडची दुकानं, सगळं ठाम उभं आहे, आणि खालून रिक्षा आणि माणसं नुसती धुरासारखी गेलीत, कुणाचंच तोंड ओळखू येत नाही. ठाणे स्टेशन असंच आहे की नाही सांगा. दुसरा घेणार होतो पण समोरचा रिक्षावाला घोडबंदरला मीटरनं यायला तयार झाला, अशी संधी सोडत नाहीत, पटकन बसलो.